ज्याच्या रक्तात काही सापडलं नाही

"तुम्ही इंजेक्शन घेतलंत का?" लॅबच्या खिडकीतून ताहेराबाईंनी विचारलं, आणि त्रिंबकला वाटलं त्या मागच्या कुणाला तरी विचारतायत. त्यानं वळूनही पाहिलं. मागे रिकामा बाक होता आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. म्हणजे प्रश्न त्यालाच होता. शहागंजातल्या या लॅबमध्ये तो आला होता फक्त अहवालाची शिक्का मारलेली दुसरी प्रत न्यायला. चिकलठाण्याच्या कारखान्यात तो कल्याण लिपिक होता. कॅन्टीन, गणवेश, कामगारांच्या पोरांच्या वह्या आणि मयताचे हार ही सगळी खाती त्याच्याकडे. कॅन्टीनमधल्या तेवीस बायांचं आणि त्यांच्यावर देखरेख करतो म्हणून त्याचं स्वतःचं, असं चोवीस जणांचं रक्त मागच्या आठवड्यात इथं तपासलं गेलं होतं. "मला कशाला इंजेक्शन? मी तर फिट," तो म्हणाला, आणि फिट माणसानं हसावं तसा हसला. ताहेराबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. वीस वर्षं परीक्षानळ्यांकडे बघून त्यांची नजर अशी झाली होती की माणसाकडेही त्या उजेडासमोर धरल्यासारखं बघत. "कोण बोललं तुम्हाला फिट? चोवीसमधे तुम्ही एकटे कच्चे हो. बाकी तेवीस पक्क्या."

मग त्यांनी त्याला सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, पण रागावून. कावीळ एकदा येऊन गेली की रक्त तिचं तोंड ओळखून ठेवतं. पुन्हा आली की दारातूनच हाकलून लावतं. आपल्याकडं ती लहानपणीच येते, पाण्यातनं. पोराला दोन दिवस ताप, चार दिवस पोट बिघडलेलं, आई म्हणते नजर लागली, संपलं. कुणाला कळत पण नाही. ह्या तेवीसजणींच्या रक्तात ती ओळख सापडली. त्यांना ही कावीळ होणार नाही, त्यांच्या हातनं कुणाला जाणार नाही. "ताजी लागण बघायची तपासणी वेगळी असते. ती पण तुमच्या डॉक्टरसाहेबांनी लिहिली होती, ती पण मी केली, दुसऱ्या पानावर आहे. एकीलाही नाही. तुमच्या रक्तात काहीच नाही. ना जुनं ना नवं. एकदम कोरं. म्हणून इंजेक्शन तुम्हाला, त्या बायांना नाही. डॉक्टरनी तपासणी त्यासाठीच तर मागितली." त्रिंबक म्हणाला, "दुसरं पान होतं?" ताहेराबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवला आणि म्हणाल्या, "या अल्ला. तुम्ही लोक कागद वाचता की नुसती टाचणी मारता, भाई?"

नुसती टाचणी मारली होती. अकरा वर्षं तो हेच करत आला होता. दर सहा महिन्यांनी कॅन्टीनच्या बायांची छातीची फोटो-तपासणी, थुंकी, शौच. कागद आला की त्याच्या लांबट रजिस्टरात दोन रकाने: सापडलं की अनफिट, नाही सापडलं की फिट. कधी एखादीला जंत निघत, कधी कुणाच्या छातीवर डाग. या रजिस्टरात गेल्या अकरा वर्षांत काही सापडणं ही चांगली गोष्ट एकदाही नव्हती. आणि परवाची घाई तर अशी की पुण्या-बंगळुराहून आलेल्या तीन तरुण इंजिनियरांचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, कारखान्याचे डॉक्टर तपासणी लिहून मुलीच्या लग्नासाठी नागपूरला गेलेले, आणि सगळ्यांची बोटं कॅन्टीनकडे. सोमवारी सकाळी कागद आला, तेवीस नावांसमोर 'आढळले' आणि एका नावासमोर 'आढळले नाही'. त्रिंबकचा पेन आपोआप चालला. तेवीस एका रकान्यात, एक दुसऱ्या रकान्यात. तो एक आपण आहोत हे पाहून त्याला नवल वाटलं नाही. उलट असंच असणार होतं असं वाटलं, आणि जिभेखाली बडीशेप ठेवावी तसं ते त्यानं थोडा वेळ ठेवलंही. मग नोटीस टाईप केली, बोर्डावर लावली, आणि निम्म्या बायांना वाचता येत नाही म्हणून फाटकापाशी उभं राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवली. रक्तात दोष आढळल्याने खालील महिलांनी पुढील सूचनेपर्यंत कामावर येऊ नये. तेवीस नावं. कोणतंही नाव अडखळत वाचलं गेलं नाही. त्याला नावं सगळी पाठ होती.

आज गुरुवार होता. तीन दिवस झाले होते. लॅबबाहेर त्यानं लुना चालू केली आणि ती दोनदा बंद पडली, कारण हाताला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर वेगळे आहेत हे लक्षात राहत नव्हतं. रस्त्यावरच्या भिंती निळ्या आणि भगव्या अक्षरांनी भरलेल्या, काही ठिकाणी एकावर एक, काही ठिकाणी वरून चुना फासलेला आणि चुन्याखालूनही अक्षरं दिसणारी. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पंधरा वर्षं पेटत-विझत होता, आणि या डिसेंबरात पुन्हा अशी हवा होती की क्रांती चौकात पोलिसांची गाडी उभी नसती तर लोकांना चुकल्यासारखं वाटलं असतं. त्या चौकात सिग्नलला थांबल्यावर त्रिंबकला एकदम आठवलं, की सोमवारी नोटीस वाचून झाल्यावर तो केबिनमध्ये जाऊन आपल्या स्टीलच्या बाटलीतलं पाणी प्याला होता. घरचं. वीस मिनिटं खळखळ उकळलेलं आणि सुती फडक्यातून गाळलेलं. अकरा वर्षांत त्यानं कारखान्यातल्या नळाचं, माठाचं, कुलरचं, कुणाच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये मागे त्याला 'उकळी' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्याचं सोंग तो नीट वठवत असे.

हे पाणी त्याच्या आईचं होतं. सिल्लोडच्या पुढं डोंगराकडेला त्यांची वस्ती, शंभरेक मेंढरं, आणि पावसाळा सरला की बिऱ्हाड पाठीवर टाकून चाऱ्यामागं निघायचं. त्रिंबकच्या आधी सखूबाईला दोन मुलगे झाले, आणि दोन्ही पिवळे होऊन गेले, एक चार वर्षांचा, एक सहा. दुसऱ्याला तिनं खांद्यावर टाकून सिल्लोडच्या दवाखान्यात आणलं तेव्हा उशीर झाला होता. तिथल्या कंपाउंडरनं हात पुसत सहज सांगितलं, बाई, पाणी उकळून पाजत जा. त्यानं ते शंभर बायांना सांगितलं असेल. शंभरातल्या नव्याण्णवजणींनी मान हलवली असेल. सखूबाईनं ते ऐकलं, आणि पंधरा वर्षं दुसरं काही ऐकलंच नाही. मेंढरामागं चालताना तिच्या डोक्यावर चुलीच्या तीन दगडांचं नव्हे तर एका पोराच्या पाण्याचं ओझं असे: तोंडाला फडकं बांधलेली एक कळशी आणि पितळी तांब्या. मेंढरांचा वाडा जिथं बसेल तिथं आधी जळण. माणसांची भाकर मागाहून. नवरा म्हणायचा, पोराला पाणी पाजती का काढा. दीर म्हणायचे, हे राजाचं पोर हाय, मेंढराचं नाय. ती स्वतः नाल्याचं प्यायची, डबक्याचं प्यायची, मेंढराच्या शेजारी ओंजळ लावून प्यायची, आणि पोरगं रडलं तरी त्याला वाट बघायला लावायची, पाणी निवेपर्यंत. त्रिंबकला आईचा चेहरा आठवायचा म्हटलं की असाच आठवे, खाली वाकलेला, फुंकर घालणारा, धुरानं डोळे गळणारे. शिक्षणासाठी औरंगाबादला वसतिगृहात येताना तिनं त्याला स्टोव्ह दिला होता आणि शपथ घातली होती. ती जाऊन दोन वर्षं झाली. शपथ चालू होती.

म्हणजे आज ताहेराबाईंच्या खिडकीत जे निघालं ते आईचंच निघालं. पंधरा वर्षांत एक घोट चुकला नव्हता. भूक, पाऊस, चालणं, जळण न मिळणं, हसणारी माणसं, यातलं काहीही तिला एक घोट चुकवायला लावू शकलं नव्हतं, आणि याचा पुरावा जगात कुठं असेल तर तो त्याच्या कोऱ्या रक्तात होता. आणि त्याच वेळी, कारण मन काही एका वेळी एकच काम करत नाही, त्याला दुसरंही दिसलं: या शहरातल्या अर्ध्या माणसांना जे आपसूक मिळालं ते त्याला मिळालं नव्हतं. अडतीस वर्षांचा माणूस, आणि रक्त काल जन्मलेल्या पोराचं. त्या तेवीसजणी हर्सूलच्या तळ्याचं, मुकुंदवाडीच्या हापशाचं, ओढ्याचं, टँकरच्या तळाचं पाणी पिऊन वाढल्या, त्यातल्या कितीजणींची भावंडं गेली असतील याचा हिशेब कुठं नाही, पण ज्या उरल्या त्या अशा उरल्या, की पुण्याच्या फिल्टरवर वाढलेल्या इंजिनियरांना झोपवणारा आजार त्यांच्या दारावरून मान खाली घालून जातो. नऊशे पोळ्या लाटणारे हात, आणि कारखान्यात त्यांच्याइतके निर्धोक हात दुसरे कुणाचे नव्हते. त्यांना त्यानं घरी बसवलं होतं.

आणि घरी बसवलं म्हणजे काय हे त्याला कालच कळलं होतं. दगडाबाई म्हणून एक म्हातारी भाज्या चिरायला होती. तिचा नवरा काल फाटकापाशी आला होता, तक्रार करायला नव्हे, विचारायला. सुनेनं दगडाबाईची ताटली-पेला वेगळा काढला होता, नातवाला जवळ येऊ देत नव्हती, पाण्याच्या माठाला हात लावू देत नव्हती. "रक्तातला दोष म्हंजे नेमका कंचा, सायेब? त्यो एडसचा तर नव्हं?" त्रिंबकनं त्याला सांगितलं होतं, डॉक्टर आल्यावर कळेल. तो माणूस मान हलवून गेला होता. आता जालना रोडवर, ट्रकांच्या धुरात, ते उत्तर त्याच्या कानात पुन्हा पुन्हा वाजत राहिलं, आणि त्याच्या आवाजातलं ते अधिकारी गांभीर्य त्याला असं ओळखू आलं जसं आपलं बेंगरूळ सोंग फोटोत ओळखू येतं.

कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर आप्पासाहेब यांनी सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. कारखान्यात भांडण होऊ नये एवढीच त्याची देवभक्ती. त्यांनी चष्मा पुसला, शिक्क्याची प्रत उलटीपालटी पाहिली, दुसरं पानही पाहिलं. "शनिवारी जेवणाच्या कंत्राटावर सही व्हायचीय, त्रिंबकराव. शहरातून पिंपं येणार कायमची. सही झाली की या बाया संपल्या. त्याच्या आत आणायच्या तर आणा. पण चूक झाली असं लिहू नका. चूक म्हटली की कुणाची, हे लिहावं लागतं. यादीत निम्म्या बाया त्या वस्तीतल्या. या दिवसांत बाहेर लोक काय वाचतील? त्यापेक्षा असं करा. फेरतपासणी झाली. औषध दिलं. सगळ्या आता ठीक. उद्यापासून हजर. त्यांची रोजी वाचली, तुमची बढती वाचली, माझी झोप वाचली." त्रिंबक म्हणाला, "औषध दिलंच नाही साहेब." "मग द्या की. टॉनिकच्या गोळ्या पडल्यात दवाखान्यात." त्रिंबकला खरं तर हलकं वाटलं. हे वाईट नव्हतं. सगळ्यांचं भलं होत होतं आणि खोटं फार लहान होतं, एवढंसं, गोळीएवढं. तो गोळ्यांचा डबा पिशवीत घालून निघाला.

मुकुंदवाडीला रेल्वे रुळांच्या अलीकडं आवडाबाईचं घर. आवडाबाई म्हणजे कॅन्टीनची खरी मालकीण. रजिस्टरात तिच्यासमोर 'मदतनीस' लिहिलेलं असलं तरी. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत गावातलं घर जळाल्यावर नवरा आणि दोन पोरी घेऊन ती इथं आली, आणि कारखान्यात लागली ती भांडी घासायला. कणकेला हात लावायला मिळायला तिला चार वर्षं लागली, आणि लावला तेव्हा पहिल्या आठवड्यात काही कामगारांनी पोळी परत पाठवली. तोंडानं कुणी काही म्हणालं नाही. पोळी कच्ची आहे म्हणाले. त्रिंबकला ते दिवस चांगले आठवत होते, कारण त्यानंतर आवडाबाईनं जे केलं त्याचा अहवाल त्यानंच लिहिला होता. तिनं कुणाशी भांडण केलं नाही. तिनं रांग बदलली. कणीक एकीनं मळायची, गोळा दुसरीनं करायचा, लाटायची तिसरीनं, भाजायची चौथीनं, आणि दर तासाला सगळ्यांनी एक जागा सरकायचं. मराठ्याची दगडाबाई, मोमिनपुऱ्याची अजरा, ती स्वतः, माळणी, धनगरणी, सगळ्या त्या चक्रात. आठवड्याभरात एकही पोळी अशी उरली नाही की जी कुणा एकीच्या हातची म्हणता येईल. परत करायची तर सगळ्यांची करा, नाहीतर मुकाट खा. खाल्ली. आणि सातशेच्या जागी नऊशे पोळ्या निघायला लागल्या, कारण हात आखडत नव्हते. त्रिंबकनं अहवालात 'कार्यक्षमतेत वाढ' असं लिहिलं आणि त्याला शाबासकी मिळाली. बाईनं काय केलं होतं हे त्याला पूर्ण समजलं होतं, आणि त्यानं ते मनातल्या मनात अकरा वर्षं मानलं होतं. तिला मात्र कधी सांगितलं नव्हतं.

ती ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. उठली नाही. "या," म्हणाली, आणि सूप जरा सरकवून त्याला जागा केली. त्रिंबकनं रस्त्यानं जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. फेरतपासणी झाली, आता सगळ्या ठीक निघाल्या, ह्या गोळ्या घ्यायच्या, उद्यापासून कामावर. आवडाबाई खडा वेचता वेचता ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "फेरतपासणी कवा झाली?"

"काल."

"माझं रगत काढलं तवा मी झोपेत व्हते का काय? परत काढायला कुणी आलं न्हाई." खडा तिनं ओट्याखाली टाकला. "अकरा वर्सं वळखते तुमाला. तुमी हिशेबात खोटं बोलत नाय. आज काय झालं?"

मग त्यानं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. लॅबचा कागद, दुसरं पान, दोन रकाने, सापडणं आणि न सापडणं. तुम्हा तेवीसजणींच्या रक्तात जे आहे ते चांगलं आहे, ते नसणं वाईट. आणि ते एकट्या माझ्या रक्तात नाही. का नाही, तर माझी आई मला उकळलेलं पाजायची, दोन पोरं गेली होती तिची, अजून मी तेच पितो, अडतीस वर्षं झाली. त्याला वाटलं होतं ती चूक ऐकून भडकेल. तिनं चुकीकडं लक्षच दिलं नाही. तिचा हात सुपात थांबला.

"म्हंजे तुमी त्या पायी पीत नव्हता?"

"काय?"

"आमच्यातलं पानी." ती त्याच्याकडं बघत होती. "पहिल्या दिशी तुमाला पेला आनून दिला मी. तुमी म्हनला, नको, आहे माझ्याकडं. दुसऱ्या दिशी पन. मग न्हाई दिला. अकरा वर्सं मला वाटतंय..."

"मी कुणाच्याच हातचं पीत नाही, बाई. दगडाबाईच्या हातचंही नाही. साहेबांच्याही नाही."

"ते तुमाला म्हाईत. मला माझ्यापुढचंच दिसनार. सांगाया काय झालं व्हतं?"

त्रिंबकपाशी उत्तर होतं, पण ते त्याला आवडलं नाही. तो नऊ-दहा वर्षांचा असताना पिंपळगावच्या वाटेवर एका मास्तराच्या घरी असंच झालं होतं. आवडाबाईच्याच समाजातला, त्यांच्या वस्तीतला पहिला शिकलेला माणूस, त्यानं कौतुकानं बोलावलं, पेल्यातून पाणी दिलं, आणि त्रिंबक म्हणाला, आई नको म्हणते. मास्तरचा चेहरा त्यानं नंतर कितीतरी वर्षं विसरायचा प्रयत्न केला होता. मास्तरनं पेला नुसता खाली ठेवला होता, हळू, आवाज होऊ न देता. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, सांगायचं व्हतंस, उकळलेलं पितो म्हनून. पण त्यानं तेव्हा सांगितलं नाही, आणि पुढेही कुणाला सांगितलं नाही. का? धनगराचं पोर, वसतिगृहात अंगाला मेंढराचा वास येतो म्हणून चिडवलेलं, आणि कारखान्यात आल्यावर अचानक लोक त्याला पाण्याच्या बाबतीत कडक समजू लागलेले. कडक माणूस म्हणजे कुणीतरी वरचा. त्यानं तो समज दिला नव्हता. पण कुणी दिला तर परतही केला नव्हता. असा हिशेब एकदा मांडला की त्याची बेरीज टाळता येत नाही. तो उठला, ओट्याच्या कोपऱ्यात पाण्याची घागर होती, तिच्यावर पालथा पेला. त्यानं पेला सुलटा केला आणि घागरीकडे हात नेला.

आवडाबाईनं पेला त्याच्या हातातून काढून घेतला. रागानं नाही, लहान पोराच्या हातातून विळी काढावी तसा. "आता शानपना नगं. आत्ताच सांगितलंत ना, तुमाला कावीळ हुईल म्हनून? उद्या पिवळे व्हऊन पडाल, मग पुन्ना आमचंच नाव. तुमच्या मनाचं वझं उतरवाया माझं पानी न्हाई." तिनं पेला पुन्हा पालथा घातला. मग हसली, पहिल्यांदाच, आणि ते हसणं असं होतं की त्रिंबकलाही नाइलाजानं ओठ हलवावे लागले. "लई केलं व्हतं तुमच्या आयनं. मेंढरामागं हिंडून पानी उकळायचं म्हंजे... जळन कुठनं आनायची?" तो म्हणाला, "माहीत नाही. कुठून तरी आणायची." "बाई जबर व्हती," आवडाबाई म्हणाली.

त्यानं गोळ्यांचा डबा काढला. ती म्हणाली, "ह्ये न्या परत."

"आवडाबाई, शनिवारी कंत्राटावर सही आहे. उद्या हजर झालात तर काम राहतं. चूक झाली असं लिहिलं तर साहेब काय करतील सांगता येत नाही. नाव काही का असेना, आधी पोटाचं बघू."

"आमची मानसं पंधरा वर्सं एका नावापायी रस्त्यावर हायेत," ती म्हणाली, "मी पन हाय. त्यात घर गेलं माझं. आन मला सांगता व्हय, नाव ऱ्हाऊ द्या?" आवाज चढला नव्हता; तूर निवडणं पुन्हा सुरू झालं होतं. "दगडाबाईचा नातू तिच्याजवळ येत न्हाई. गोळी खाऊन ती उद्या कामाला आली, तर सून काय म्हनल? बरी झाली. म्हंजे व्हती आजारी. रगत खराब व्हतंच. मी बरी झाले म्हनून येनार न्हाई, सायेब. मी आजारी नव्हतेच, म्हनून बोलवा. आन जसं सांगितलंत तसंच सांगा. फाटकापाशी. मोठ्यानं. तेवीस नावं घेऊन. तुमचा आवाज चांगला हाय."

शुक्रवारी सकाळी पहिल्या पाळीला फाटकापाशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. बाया आल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, एका बाजूला, तेवीसच्या तेवीस. दगडाबाईबरोबर तिची सूनही होती, आवडाबाईनंच तिला आणलेलं असणार. रात्रभरात त्रिंबकनं कागद चार वेळा लिहिला होता. पहिल्यात 'अनवधानाने' होतं. दुसऱ्यात 'कार्यालयीन त्रुटीमुळे' होतं. या शब्दांनी त्याची अकरा वर्षं सोय केली होती आणि ते सोडताना हात जड होतो हे त्याला कळलं. आप्पासाहेबांची खिडकी वरच्या मजल्यावर होती आणि तिचा पडदा सरकलेला होता. नऊ वाजता बोलावणं येईल, मेमो मिळेल, बढती लांबेल, कदाचित त्याहून वाईट. त्यानं घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

खालील तेवीस महिलांच्या रक्तात कावीळ रोखणारी शक्ती आढळली आहे. त्यांना ही कावीळ होऊ शकत नाही आणि त्यांच्यापासून कुणाला होऊ शकत नाही. सोमवारच्या नोटिशीत लिहिलेला दोष त्यांच्यात कधीच नव्हता. ती नोटीस मी, कल्याण लिपिक त्रिंबक, यानं दुसरं पान न वाचता लिहिली. चूक माझी आहे. मग नावं. आवडाबाईपासून नव्हे, दगडाबाईपासून, कारण त्यानं आज क्रम बदलला होता. या वेळी तो प्रत्येक नावापाशी थांबला, आणि थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक नावाला एक चेहरा हळूच वर होतो. दगडाबाईची सून सासूकडं न बघता पायाकडं बघत होती. मग तिनं सासूच्या हातातली पिशवी स्वतःकडं घेतली. शेवटी एकच ओळ होती, तीही त्यानं वाचली: रक्तात ही शक्ती नसल्यामुळे कल्याण लिपिक यांनी इंजेक्शन होईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये. मागून कुणीतरी "उकळी भायेर" म्हणालं आणि फाटकावर हशा पिकला, आणि त्यात पहारेकरीसुद्धा हसला.

त्यानं कागद बोर्डाला लावला. भोंगा झाला. माणसं हलायला लागली, पण आवडाबाई बोर्डासमोरून सरकली नाही. तिला अक्षरओळख होती. साक्षरतेच्या वर्गाला ती दोन वर्षं जात होती आणि ओठ हलवत वाचायची. तिनं वरून खालपर्यंत बोट फिरवलं.

"ही शक्ती म्हनता ती किती दिस टिकती?"

"कायमची. काल संध्याकाळी मी लॅबला फोन करून विचारलं. ताहेराबाई म्हणाल्या, जन्मभर."

"हितं कुठं लिवलंय?"

"नाही लिहिलं."

"मग लिवा. न्हाईतर सहा म्हयन्यांनी पुन्ना कुनी तरी येईल तपासाया."

त्रिंबकनं खिशातून पेन काढला. बोर्ड उंच होता, कागद हलत होता, तेव्हा दगडाबाईनं पुढं होऊन खालचा कोपरा बोटांनी दाबून धरला. तेवीस नावांच्या शेजारी, रिकाम्या समासात, वरपासून खालपर्यंत एक कंस काढून त्यानं ताहेराबाईंचा तो शब्द लिहिला: जन्मभर. बाया त्याच्या मागे उभ्या होत्या आणि कुणीही आत गेली नव्हती.

"वाचा," आवडाबाई म्हणाली.

त्यानं वाचलं.